आट्यांना लावलेलं खोबरेल

मिस्त्रींनी त्या सकाळी हात धुतले होते. साबणाचा चुरा आणि लाकडाचा भुसा एकत्र कालवून, पार कोपरापर्यंत, रोजच्यासारखे. मी चार हातांवर उभा होतो आणि मी ते पाहिलं होतं. नंतर मला विचारलं, तेव्हा "मी पाहिलं नाही" असं सांगितलं. त्या तीन शब्दांपायी एका चांगल्या कारागिराच्या नावाला बट्टा लागला आणि तो मी कधी पुसला नाही. आता माझं वय सत्तर आहे. हाताला कंप आहे, पण लिहिता येतं.

ऐंशी सालानंतरची ती तीन-चार वर्षं. घाटकोपरला आग्रा रोडच्या आतल्या अंगाला पत्र्याच्या छपरांचे गाळे होते. त्यातल्या एकात आम्ही सहा जण काम करायचो. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्या, कधी दवाखान्याच्या खाटा. माझं काम आर्क वेल्डिंगचं, म्हणजे विजेच्या मशीनवर रॉड लावून जाड लोखंड जोडायचं. पातळ पत्रा, तांब्याच्या नळ्या, पितळ मारून जोडायची नाजूक कामं, हे सगळं मिस्त्रींकडे. दाराजवळचा कोपरा त्यांचा. तिथे भिंतीला साखळीने बांधलेली दोन सिलिंडरं उभी असायची. काळं ऑक्सिजनचं, तपकिरी गॅसचं. त्यांच्यावर घड्याळासारख्या तबकड्यांचे पितळी रेग्युलेटर, त्यांतून निघालेल्या दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला मिस्त्रींच्या हातातला टॉर्च.

मिस्त्री मालवणकडचे. आधी एका गिरणीच्या दुरुस्ती खात्यात होते, तिथून आमच्याकडे आले. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने किडकिडीत, बोलणं हळू. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी गाळ्यात आलो तेव्हा मला वाटत होतं की मला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात घाईघाईत डोळ्यांपुढे काळी काच न धरता दोन-चार टाके मारले आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. उघडवेनात. मिस्त्रींनी माझा दंड धरला आणि मला त्यांच्या कांजूरमार्गच्या बैठ्या चाळीतल्या खोलीवर नेलं. दाराशीच म्हणाले, "ह्येका डोळे भाजलेत. बटाटो काप."

काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, थंडगार बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवल्या. मी दुपारभर त्यांच्या चटईवर आडवा होतो. त्या स्वयंपाक करता करता मधूनच विचारायच्या, "जळजळता अजून?" मी हो म्हटलं की चकत्या बदलायच्या. मिस्त्री त्या दिवशी पुन्हा कामावर गेले नाहीत. माझ्याजवळ बसून त्यांनी मला समजावलं, की जोड बघायचा नसतो, वितळलेल्या धातूचं डबकं बघायचं असतं. "डबक्याक पुढे ने. जोड आपसूक मागसून येता." आयटीआयच्या दोन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे मी त्यांचाच झालो म्हणा ना. ते मला झिला, म्हणजे लेका, म्हणायचे, मी त्यांना मिस्त्री. माझ्या लग्नात माझ्या वडिलांच्या शेजारी ते बसले होते.

मिस्त्रींचं गाळ्यात एक शास्त्र होतं. कुठेही लिहिलेलं नव्हतं. सकाळी आल्या आल्या साखळी ओढून बघायची. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. रेग्युलेटर चढवण्याआधी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवायची आणि त्या वेळी तोंड बाजूला ठेवायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तेलाची. तेलकट चिंधी, ग्रीसचा डबा, यांतलं काही त्यांच्या कोपऱ्यात येऊ द्यायचे नाहीत. मला पहिल्याच महिन्यात ऑक्सिजनकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "तेलाक ह्यो वारो लागलो की काडी नको. आपसूक पेटता." म्हणून तर न्याहारीनंतर ते भुसा घेऊन हात घासत बसायचे. आमचा टर्नर, लेथवर काम करणारा, त्यांची थट्टा करायचा. "मिस्त्री, वेल्डिंगला चाललात की ऑपरेशनला?"

"लेथ तुजो. तुका तेलाबिगर चलणा नाय. माझा चलता," मिस्त्री म्हणायचे.

त्या वर्षीची खंडेनवमी. कारखान्यांतून त्या दिवशी काम बंद असतं. हत्यारं धुऊन-पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजा करतात. आमच्याकडे सगळी हत्यारं एका पाटावर मांडली जात. हातोड्या, पकडी, पाने, मोजपट्ट्या, लेथवर झेंडूचा हार, माझ्या मशीनवर हार. गॅसचं सामान मात्र मिस्त्री कुणाला शिवू द्यायचे नाहीत. ते स्वतः कोरड्या फडक्याने पुसायचे आणि हळदकुंकू सिलिंडरला न लावता खाली जमिनीवर वाहायचे.

त्या वर्षी त्यांना ताप होता. निरोप आला की आरतीपर्यंत येतो, तुम्ही मांडामांड करा. मी म्हटलं, आज मिस्त्रींचं काम मी करतो. मी ऑक्सिजनचा रेग्युलेटर उतरवला. वापरून वापरून काळा पडला होता. माझी आई सणाआधी समई जशी घासायची तसा मी तो चिंचेने घासला, धुतला, वाळवला. पितळ उजळलं, पण आईच्या समईसारखी झळाळी येईना. ती शेवटी कापसाच्या वातीने तेलाचं बोट फिरवायची, ते आठवलं. पूजेची खोबरेलाची बाटली तिथेच होती. मी वात बुडवून रेग्युलेटरवर फिरवली आणि जास्तीचं पुसून काढलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित काही झालं नसतं. पण ज्या नटाने रेग्युलेटर सिलिंडरला बसतो, तो काही महिने फार जड जायचा. मिस्त्रींचं उजवं मनगट दुखायचं. नट आवळताना ते ओठ आवळायचे, ते मी रोज बघायचो. मी त्या नटाच्या आट्यांत खोबरेलाचे दोन थेंब सोडले आणि नट हाताने फिरवून पाहिला. छान फिरला.

त्यांनी सांगितलेलं मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण मी मनाशी म्हटलं, ते काम करतानाचं झालं. हे पूजेचं तेल आहे, आणि बाहेरच्या आट्यांना आहे, आत कशाला जाईल? हे सगळं मनात यायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ मी थांबलो होतो.

मिस्त्री आले ते मफलर गुंडाळून. पाटावरचा रेग्युलेटर पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अगो बाय! सोन्यासारखो केलंस रे! कशान घासलंस?"

"चिंचेने."

"सुको कपडो मारलंस मा मगे?"

"हो."

चिंच म्हणालो, तेल म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तापाने फणफणलेला तो माणूस रेग्युलेटर उचलून नळावर जाऊन बसला असता आणि आरती खोळंबली असती. शिवाय त्यांनी नुकतंच सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. त्याच क्षणाला मी चुकलो. त्याच्या आधीचं सगळं अडाणीपण म्हणून सोडून देता येईल.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू. मिस्त्रींचा ताप उतरला होता. काकींनी सणाचे उरलेले वडे डब्यात दिले होते. कोकणातले कोंबडीबरोबर खातात ते, तळलेले, पुरीसारखे. मिस्त्रींनी चहाबरोबर दोन खाल्ले, एक मला दिला, डबा तसाच फळीवर उघडा ठेवला आणि नळावर जाऊन हात धुतले. मग रेग्युलेटर घेतला, सिलिंडरवर चढवला आणि पाना लावला.

"आज कसो सुटसुटीत बसलो!" ते म्हणाले.

मला बरं वाटलं. खरंच, मनापासून बरं वाटलं.

नेहमीप्रमाणे ते बाजूला उभे राहिले, तोंड वळवलं, चावी फिरवली. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि रेग्युलेटरमधून पांढरा जाळ बाहेर आला. पितळ पेटतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, तेव्हा पाहिलं. वितळलेले थेंब फरशीवर उडत होते. मिस्त्रींचा उजवा हात चावीवर होता. त्यांचं तोंड आणि डोळे वाचले ते त्यांच्या सवयीने, बाजूला उभं राहण्याच्या.

मी जागचा हललो नाही. धावला तो टर्नर. ओलं गोणपाट हाताभोवती गुंडाळून त्याने व्हॉल्व्ह बंद केला, नाहीतर गाळाच उडाला असता. मग मी मिस्त्रींना धरलं आणि त्यांचा हात पाण्याच्या पिंपात बुडवला. त्यांचे दात वाजत होते. त्यांनी मला विचारलं, "तुका लागला नाय मा?"

हॉस्पिटलात पाच-सहा आठवडे गेले. हात राहिला, पण तीन बोटं तळव्याकडे वळून आखडली, ती सरळ झालीच नाहीत. टॉर्च धरायला बोटं मोकळी लागतात. मिस्त्रींचं काम त्या दिवशी संपलं.

गाळ्याचा मालक, आमचा शेठ, वाईट माणूस नव्हता. हॉस्पिटलचं सगळं त्यानेच केलं. पण दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन त्याने विचारपूस केली. जळका रेग्युलेटर हातात घेऊन तो म्हणाला, "गॅस कंपनीचा माणूस सांगतो, तेल लागल्याशिवाय असं होत नाही. तेल आलं कुठून?" मग त्याची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. वडे तसेच होते, डब्याला तेल सुटलं होतं. सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

"जवळ तूच होता ना?" शेठने मला विचारलं. "हात-बित धुतले होते का त्याने?"

माझ्या बायकोला आठवा महिना होता. नोकरी पक्की होऊन वर्षही झालं नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही, त्या क्षणी डोक्यात काय होतं ते सांगतो.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

एवढंच. मी मिस्त्रींवर आळ घेतला नाही, उघड्या डब्याने घेतला. गाळ्यात बोलणं ठरून गेलं की एवढा काटेकोर माणूस, पण तापातून उठलेला, एक दिवस हात धुवायला विसरला आणि हात गमावून बसला. हळूहळू हळहळीची थट्टा झाली. कुणी तेलकट हाताने पाना उचलला की टर्नर ओरडायचा, "ए, मिस्त्रींचे वडे खाऊन आलास काय?" सगळे हसायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. व्हॉल्व्ह बंद करताना टर्नरचाही हात पोळला होता, त्याला हसायचा हक्क होता असं म्हणा. मला नव्हता.

त्यांच्या कोपऱ्यात मी उभा राहिलो. गॅसचं काम मी शिकलो होतो ते त्यांच्याचकडून. कुणी नवा माणूस आला की त्याला तेलाचं सांगावं लागे, आणि सांगताना मी म्हणायचो, "एक जुने मिस्त्री होते, हात न धुता व्हॉल्व्हला हात लावला." हे मी किती जणांना सांगितलं असेल, त्यांनी पुढे किती जणांना, कोण जाणे. एक बदल मी गुपचूप केला. दर खंडेनवमीला गॅसचं सामान कोऱ्या सुक्या कापडाने झाकून ठेवायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, मिस्त्रींची पद्धत आहे.

मिस्त्रींना पुढे कांजूरलाच एका शाळेच्या फाटकावर काम मिळालं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. काकी चहा द्यायच्या, चिवडा द्यायच्या, पण त्या घरात मी पुन्हा वडे पाहिले नाहीत. माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

अपघाताला तीन वर्षं होत आली होती. एका रविवारी सकाळी मी गेलो होतो. मिस्त्री ओट्यावर बसून डाव्या हाताने स्टोव्हच्या वाती कातरत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग कात्री खाली ठेवून ते म्हणाले, "झिला, एक इचारू? मी हात धुतलंय काय नाय, माका आठवणा नाय. पयलां वाटायचा की धुतलंय. सगळे म्हणतत नाय धुतलंस. आता माकाच खात्री नाय. तू थयच होतंस. तुका आठवता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मला पेचात धरत नव्हते. आपली वस्तू कुठे ठेवली ते घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारत होते. तीन वर्षं त्या माणसाने रोज त्या नळापाशी स्वतःला उभं करून पाहिलं असणार, आणि दर वेळी चित्र थोडं पुसट झालं असणार.

"धुतले होते," मी म्हणालो. "भुशाने. मी पाहिलं."

मग उरलेलंही सांगितलं.

 मग मिस्त्री एखादा जोड तपासावा तसे प्रश्न विचारू लागले.

"खंयचा तेल?"

"खोबरेल. पूजेचं."

"किती?"

"दोन थेंब. नटाच्या आट्यांना."

"कित्याक पण?"

"तुमचं मनगट दुखायचं. नट जड जात होता."

त्यांनी आपला आखडलेला हात मांडीवर उलटा केला, सुलटा केला. "तेवाच सांगलं असतंस तर दोन थोबाडात मारलंय असतंय आणि विषय संपलो असतो," ते म्हणाले. "आता कशान मारू?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. काकी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मिस्त्रींकडे बघत होत्या.

"म्हणजे माज्या वड्यांनी नाय?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री चकित होऊन म्हणाले, "तुज्या वड्यांचा काय?"

"मीच दिलंय नी ते. शिळे. मी समजत होतंय..."  त्या उंबऱ्यातच बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मिस्त्रींनाही हे माहीत नव्हतं. एका खोलीत राहून ती दोन माणसं तीन वर्षं आपापला दोष एकमेकांपासून लपवत होती, आणि दोघांचाही दोष नव्हता.

मला वाटलं होतं ते मला घालवून देतील. पण मिस्त्री उठून काकींजवळ गेले, डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग मला म्हणाले, "बस. जेवन जा." आणि जेवताना, पहिला घास घेण्याआधी, म्हणाले, "आमका सांगलंस, बरा झाला. आता थय सांग. गाळ्यात, सगळ्यांसमोर. माका दुसरा काय नको."

"सांगतो."

"उद्याच."

"उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळे पिंपापाशी जमले. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "मला मिस्त्रींचं एक सांगायचंय. त्या दिवशी मिस्त्रींची चूक नव्हती."

टर्नर बिस्किट बुडवत होता. "मग काय भुताने तेल लावलं?"

सगळे हसले. मला फक्त "नाही, मी लावलं" एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. मी हसलो. सगळ्यांबरोबर मीही हसलो, पेला उचलला आणि तोवर कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या मापाचं विचारलं. मनात म्हटलं, आज नाही तर उद्या. शनिवारपर्यंत तो उद्या संपून गेला होता.

दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. शेठने मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं, जुना माणूस म्हणून. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. दारात थांबून त्यांनी आत पाहिलं. त्यांची मान ताठ होती, तशी मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. त्यांना वाटत होतं की इथल्या सगळ्यांना आता खरं माहीत आहे.

प्रसादाचं ताट फिरलं. टर्नर त्यांच्यापाशी गेला. त्याचा मिस्त्रींवर जीव होता, तो आपला खेळीमेळीने म्हणाला, "काय मिस्त्री, हात धुऊन आलात ना? नाहीतर आज परत आमची वाट लागायची!"

हशा झाला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग, सगळ्यांच्या डोक्यांवरून, माझ्याकडे. एवढंच. त्यांना सगळं कळलं. त्यांनी ठरवलं असतं तर एका वाक्यात माझा निकाल लावला असता, आणि माझी त्याला तयारीही होती. निदान आता तसं वाटतं.

ते हसले. आखडलेला हात वर करून म्हणाले, "होय रे बाबा. साबणान धुवन इलंय. वास घी."

टर्नरने खरंच वाकून वास घेतला, आणखी हशा झाला. मिस्त्रींनी प्रसाद घेतला.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.  अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "तू सांगूक नाय."

"नाही."

"बरा." थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "चेडू बालवाडीत जाऊक लागला?" माझ्या मुलीविषयी. मी म्हणालो, लागली. घरी येऊन काय काय सांगते, त्यांनी विचारलं. बस येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. चढताना त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा दाबला.

तो विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही. मी जात राहिलो. काकी मला जेवायला वाढत राहिल्या. दशक संपायच्या आत मिस्त्री गावी गेले आणि तिथेच वारले. मला पत्राने कळलं. काकीही आता नाहीत. गाळा कधीच पाडला, तिथे काचेची इमारत आहे.

त्या सहा जणांपैकी आज दोघेच उरलो आहोत, मी आणि टर्नर. तो बोरिवलीला मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. त्याने आनंदाने दार उघडलं. "ये रे ये, आहेस अजून!" चहा झाला. गुडघे, शुगर, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं झालं. मग मी सांगितलं. या वेळी थांबलो नाही. त्याने मध्येच काही म्हटलं असतं तरी थांबलो नसतो.

 त्याने टीपॉयवरची बशी बाजूला सरकवली.

"मिस्त्रींना हे माहीत होतं?"

"हो. मी सांगितलं होतं."

"कधी?"

"त्या खंडेनवमीच्या आधी."

"म्हणजे मी त्यांना ते हात धुवायचं बोललो, तेव्हा त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू तिथे उभा होतास."

"हो."

त्याच्या पोळलेल्या हाताचा जुना डाग अजून दिसतो. तो त्यावरून अंगठा फिरवत होता. "तुझं पाप तू कर ना," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. आतून सून डोकावून गेली. "माझ्या तोंडून कशाला करवलंस? त्या माणसावर माझा जीव होता रे. मी त्यांच्या हाताचा वास घेतला, लोकांना हसवायला! तू मला अडवायचंस. नुसतं 'गप' म्हणाला असतास तरी चाललं असतं."

  चाळीस वर्षं मी मिस्त्रींचं आणि माझं काय झालं ते मोजत होतो, आणि या माणसालाही मी त्यात ओढलं होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

निघताना मी सांगितलं, की हे मी लिहून काढतोय, छापून येईल असं बघतोय. गाळ्यातले बाकीचे राहिले नाहीत, पण मी ज्यांना ज्यांना ती खोटी गोष्ट शिकवली, ते कुठे ना कुठे असतील. अजून कुणाला तरी सांगत असतील, की एक मिस्त्री होते, हात न धुता कामाला बसले.

तो दारापर्यंत आला नाही. खुर्चीतूनच म्हणाला, "लिही. आणि मी हसलो तेही लिही. नाव नको, पण लिही. मिस्त्रींबद्दल आधी लिही, मग आपल्या दोघांचं."

त्याने सांगितलं त्या क्रमाने लिहिलं आहे.